झाकण उघडा, मोजा, उपसा : हॉटेलच्या ग्रीस ट्रॅपची देखभाल

दिवाळी सरली, रात्रीचा गारवा वाढला की हॉटेलवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते : मोरीतलं पाणी जाईना. उन्हाळ्यात सुरळीत चाललेला तोच पाइप, तोच उतार, भांडी घासणाऱ्या मावशीही त्याच. बदललेलं असतं ते तापमान. मटणाची चरबी ४० अंशांच्या आसपासच आळायला लागते, डालडाही फार मागे नसतो आणि गार रात्री पामतेलसुद्धा दाट होतं. गरम पाण्याबरोबर हे सगळं पातळ होऊन मोरीच्या जाळीतून सहज निघून जातं आणि पुढे पाच-दहा फुटांवर, पाइप जिथे गार असतो तिथे, आतून चिकटून बसतं. त्यावर भाताची शितं अडकतात, त्यावर पुन्हा चरबी. चार इंची पाइपात मग बोट जाईल एवढीच वाट उरते.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या बाजाराच्या गावात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं बाजाराला, दवाखान्याला, कचेरीच्या कामाला येतात आणि इथे जेवूनच परततात. खानावळी, ढाबे, भजी-वड्याचे गाडे, फरसाणची दुकानं, मंगल कार्यालयं यांची चूल सकाळपासून पेटलेली असते. सोलापूरकडचं जेवणही तेलाला कंजूष नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा असो की शेंगदाण्याची आमटी, वर तर्रीचा तवंग हवाच. शेंगदाण्याच्या कुटाला तर स्वतःचंच तेल असतं. ताटात उरलेलं हे सगळं मोरीत गेलं, की त्याला अडवायला एकच जागा असते : ग्रीस ट्रॅप. गवंडी नि प्लंबर त्याला सरळ 'तेलाचा चेंबर' म्हणतात.

बऱ्याच ठिकाणी तो बांधलेला असतो, पण बांधल्यानंतर त्याचं झाकण उघडलेलं नसतं. या लेखाचं सांगणं एवढंच आहे : ट्रॅप तेल नाहीसं करत नाही, फक्त थांबवून ठेवतो. ते बाहेर काढण्याचं काम आपलंच असतं. ते केलं नाही तर ट्रॅप असून नसल्यासारखा.

ट्रॅप काम कसं करतो

रात्रीचा उरलेला रस्सा पातेल्यात सकाळपर्यंत राहू दिला, तर वर चरबीची साय धरते, मसाला नि कूट तळाला बसतं आणि मधे त्यामानाने नितळ पाणी राहतं. ट्रॅपमध्ये हेच घडवून आणायचं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेलाचं वजन ९१०-९२० ग्रॅमच भरतं. त्यामुळे पाणी संथ झालं, की ते आपोआप वर येतं. अट दोनच गोष्टींची : पाण्याला थांबायला वेळ मिळाला पाहिजे आणि ते निवलं पाहिजे.

म्हणून टाकीत मधे एक भिंत असते आणि तिचं भोक पाण्याच्या मध्यावर ठेवलेलं असतं. आत येणाऱ्या पाइपाला खाली वळवलेला 'टी' (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) असतो, म्हणजे पाणी वरच्या थरावर धबधब्यासारखं आदळत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपालाही असाच 'टी' असतो. तो पाण्यात खोलवर बुडालेला, पण तळापासून फूटभर वर असतो. त्यामुळे वरचं तेलही जात नाही नि तळचा गाळही जात नाही, मधलं पाणी तेवढं पुढे सरकतं. बाहेरचा पाइप आतल्या पाइपापेक्षा दोन-तीन इंच खाली हवा. हा 'टी' निखळून पडला, तर ट्रॅपचं गटार व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही. दरवेळी साफसफाई झाल्यावर तो जागेवर आहे ना, हे हाताने हलवून पाहा.

आकार किती हवा

गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. स्वतः हिशेब करा, सोपा आहे. तुमचं भांडी धुण्याचं सिंक २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १० इंच खोल असेल, तर त्यात सुमारे ७० लिटर पाणी मावतं. बूच काढल्यावर ते दोन-अडीच मिनिटांत रिकामं होतं. म्हणजे मिनिटाला ३० लिटरच्या आसपास पाणी ट्रॅपकडे धावतं. तेल सुटं होऊन वर यायला या पाण्याला किमान २० मिनिटं, जमल्यास ३० मिनिटं थांबायला मिळायला हवीत. २० मिनिटांच्या हिशेबाने ६०० लिटरची टाकी लागते. आतून चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट पाणी उभं राहील अशी टाकी घेतली, तर सुमारे ६८० लिटर होतात. मध्यम खानावळीला एवढं पुरतं. पाण्याच्या वर फूटभर मोकळी जागा ठेवा.

जागाच नसेल तर सिंकखाली बसणारी स्टीलची पेटी मिळते. पन्नास-साठ लिटरची ही पेटी दोन मिनिटांचंच पाणी धरते. ती चालेल, पण आठवड्याला एकदा आणि मटण-चिकनचं काम जास्त असेल तर दोन-तीन दिवसांनी ती रिकामी करावीच लागेल.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. ट्रॅप स्वयंपाकाच्या जागेच्या बाहेर असावा, पण उपसा करणाऱ्या टँकरचा पाइप तिथवर पोचावा. संडासाची लाइन त्याला कधीही जोडू नये, ती वेगळी सेप्टिक टाकीला जावी. आणि पत्र्यावरचं किंवा गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरू देऊ नये. पहिल्याच दमदार पावसात महिन्याभराचं साठलेलं तेल एका झटक्यात बाहेर वाहून जातं.

शोषखड्डा वाचवायचा असेल तर

मोठ्या शहरात ट्रॅप तुंबला, की तेल महापालिकेच्या भुयारी गटारात जातं. तालुक्याच्या गावांत सांडपाणी बहुतेक ठिकाणी उघड्या गटारात नाहीतर स्वतःच्याच शोषखड्ड्यात जातं. शोषखड्ड्याचा जीव दगड-गोट्यांमधल्या फटींत आणि भोवतीच्या जमिनीत असतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि मुळातच पाणी सावकाश पिते. तिच्यावर तेलाचा थर बसला, की ती पाणी घेणंच बंद करते. असा खड्डा धुऊन साफ होत नाही. सगळे दगड काढा, नाहीतर दुसरीकडे नवा खड्डा खणा, एवढेच मार्ग उरतात. नव्या खड्ड्याच्या खर्चात कितीतरी वर्षं ट्रॅप उपसून होईल. आणि हो, शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ५० फूट लांब हवा.

ट्रॅप वेळेवर उपसण्याचं आणखी एक कारण म्हणजे बोअरचं जड पाणी. भांड्यांवर, नळांवर पांढरा थर धरणारं हे पाणी कॅल्शियमने भरलेलं असतं. ट्रॅपमध्ये नाहीतर पाइपात बराच काळ राहिलेल्या चरबीतून आम्लं सुटतात. पाण्यातल्या आणि सिमेंटमधल्या कॅल्शियमशी त्यांचा संयोग झाला, की दगडासारखा टणक, साबणासारखा पांढुरका पदार्थ तयार होतो. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली अशा चरबीचा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले. आपल्या पाइपात त्याचीच लहान आवृत्ती तयार होत असते. ताजी चरबी झाऱ्याने निघते, मुरलेली चरबी छिन्नीने काढावी लागते. म्हणून वेळेवर काढण्याला महत्त्व आहे.

रोजची कामं मोरीच्या अलीकडे

ट्रॅपची निम्मी देखभाल ट्रॅपपर्यंत जायच्या आधीच होते.

ताट, वाटी, पातेलं पाण्याखाली धरण्याआधी निपटून घ्या. खरकटं वेगळ्या बादलीत. रश्शाच्या पातेल्याच्या कडेला नि तळाला चिकटलेली तर्री रबरी पट्टीने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढा आणि तो कागद कचऱ्यात टाका. वाटीभर तर्री पुसायला एक कागद लागतो, तीच तर्री धुवायला बादलीभर पाणी जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात हा हिशेब लहान नाही.

मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि ती दिवसातून दोनदा तरी झटका. कूट आणि शितं इथेच अडली पाहिजेत. कूट ट्रॅपमध्ये गेलं तर काही तेलाबरोबर तरंगतं, काही तळाशी बसतं, आणि दोन्हीकडे कुजून आंबूस वास सुटतो.

चुलीवर स्वयंपाक होत असेल आणि भांडी राखेने घासली जात असतील, तर राख चिकटपणा छान ओढून घेते, पण तळाला जाऊन बसते. अशा ठिकाणी राखेने घासलेलं भांडं आधी पाटीत झटकायचं, मग पाण्याखाली धरायचं. तेवढ्याने गाळ भरण्याचा वेग कमी होतो.

तळणीचं तेल मोरीत एक थेंबही जाता कामा नये. ते गार करून, गाळून झाकणाच्या डब्यात साठवा. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल खाण्यासाठी वापरायला १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, त्याच वर्षी 'रूको' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात नोंदणी झालेले संकलक असं तेल विकत घेतात आणि त्यापासून बायोडिझेल बनतं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना या जळक्या तेलाची नोंदही ठेवावी लागते. एकटा ढाबा संकलकाला परवडत नसेल, तर पाच-सहा जणांनी मिळून डबे साठवावेत आणि एकाच फेरीत द्यावेत. अनोळखी माणूस जास्त भाव देतो म्हणून त्याला तेल देऊ नका. तेच तेल रंग उडवून पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाण्याची भीती असते.

कधी उपसायचा : मोजूनच ठरवा

"वास आला की उपसू" हा नियम चुकीचा. वास येईपर्यंत तेल बाहेर गेलेलं असतं. जगभर मानला जाणारा नियम असा : वरचा तेलाचा थर आणि तळचा गाळ मिळून पाण्याच्या उंचीचा चौथा हिस्सा झाला, की ट्रॅप रिकामा करायचा. तीन फूट पाणी म्हणजे ३६ इंच, त्याचा चौथा हिस्सा ९ इंच.

मोजायला एक पाच फुटी पीव्हीसी पाइप आणि एक 'एल' आकाराची सळई लागते. सकाळी, मोरी सुरू व्हायच्या आधी झाकण उघडा. सळईचं वाकवलेलं टोक तेलाच्या थरातून खाली घाला, फिरवा आणि हळूच वर ओढा. टोक थराला खालून टेकलं, की हाताला अडल्यासारखं लागतं. वरच्या पृष्ठभागापर्यंत सळईवर खूण करा, ही झाली तेलाची जाडी. मग पाइपाच्या खालच्या दीड फुटाला पांढरी चिंधी घट्ट गुंडाळून तो तळाला टेकवा. मिनिटभर तसाच धरा आणि सरळ वर काढा. चिंधी जेवढी काळी, चिखलट झालेली दिसेल, तेवढा गाळ.

पहिला महिना दर आठवड्याला मोजा आणि वहीत लिहा. समजा, दोन्ही मिळून आठवड्याला दीड इंच वाढतंय. सहा आठवड्यांत ९ इंच होतील. मग पाचव्या आठवड्यालाच उपसा ठरवा. लग्नसराईत, यात्रेच्या दिवसांत वेग वाढतो, तेव्हा पुन्हा मोजा. मंगल कार्यालयांचं वेगळं : चार महिने शांतता आणि मग एका दिवसात हजार पानं. त्यांनी तुळशीच्या लग्नाआधी ट्रॅप रिकामा करून ठेवावा आणि हंगामात दर मोठ्या कार्यानंतर पाहावा. थर कितीही पातळ दिसला, तरी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कोणताच ट्रॅप तसा ठेवू नये. साठलेलं कुजतं आणि कुजलेलं सिमेंटही खातं.

उपसा करताना

वेळ सकाळची निवडा. रात्रभर निवलेलं तेल घट्ट असतं आणि थरच्या थर उचलता येतो.

झाकण काढून १५-२० मिनिटं तसंच उघडं ठेवा. जवळपास विडी-सिगारेट, शेगडी काहीही नको, आत पेट घेणारा वायू असू शकतो. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पायात गमबूट. लांब दांड्याच्या झाऱ्याने वरचा थर घमेल्यात काढा. मग पाणी बादलीने किंवा छोट्या पंपाने वेगळ्या पिंपात घ्या, गटारात सोडू नका. तळचा गाळ लांब दांड्याच्या फावड्याने ओढा. भिंती, मधली भिंत आणि दोन्ही 'टी' खरवडून घ्या. तडा गेलाय का, भोक बुजलंय का, हे बघा.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात : ट्रॅप पुन्हा स्वच्छ पाण्याने बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरायचा. रिकाम्या ट्रॅपमध्ये पहिल्या पाण्याबरोबर आलेलं तेल अडत नाही; ते मधल्या भिंतीच्या भोकातून पलीकडे जाऊन बाहेरच्या 'टी'च्या तोंडात शिरतं आणि टाकी भरताच बाहेर पडतं.

झाकण जड हवं आणि त्याला कडी-कुलूप हवं. नुसती शहाबादी फरशी सरकवून ठेवलेल्या चेंबरपाशी मुलं खेळत असतात, हे विसरू नका.

माणूस आत उतरवायचा नाही

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बंद टाकीत कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तोच. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. प्रमाण वाढलं, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजून उतरलेला माणूस तिथेच कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क या वायूला अडवत नाही.

गटारं आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक साफसफाईसाठी माणसाला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तेलाच्या टाकीतला वायू काही वेगळा नसतो, म्हणून तिथेही हाच नियम पाळा. चार फुटांची टाकी बाहेर उभं राहून लांब दांड्याने साफ होते. त्याहून खोल असेल तर उपसा करणारा टँकर बोलवा. डोकं आत घालून वाकायचंसुद्धा नाही. काम करताना दुसरा माणूस शेजारी उभा हवा आणि कोणी कोसळलाच, तर आत न उतरता ताबडतोब १०८ ला फोन करायचा.

काढलेली घाण कुठे टाकायची

ओढ्यात नाही, रस्त्याकडेच्या चारीत नाही, शेताच्या बांधावर नाही. आपल्याकडचे ओढे शेवटी सीनेला मिळतात, सीना भीमेला. नदी-ओढ्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल-चरबीची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, सार्वजनिक गटारासाठी २०. एक घमेलं चरबी म्हणजे काय, हे यावरून समजावं.

मोठ्या ट्रॅपचा गाळ टँकरवाल्याकडे द्या, पण तो कुठे रिकामा करणार हे आधी विचारा. नगरपंचायतीच्या आरोग्य विभागाकडे गाळ टाकण्याची नेमकी जागा विचारून घ्या आणि टँकरची पावती जपून ठेवा. लहान पेटीतलं तेल लाकडाच्या भुशात किंवा चिपाडात कालवून कोरडं करा, मगच कचऱ्याच्या गाडीत द्या. हा थर जनावरांना, कोंबड्यांना घालू नका. त्यात साबण आणि कुजलेलं अन्न मिसळलेलं असतं.

चार चुकीचे उपाय

उकळतं पाणी ओतणं : चरबी वितळून पुढे जाते आणि पुढच्या पाइपात गोठते.

कॉस्टिक सोडा ओतणं : हात-डोळे भाजतात आणि सुटलेली चरबी पुढे जाऊन पुन्हा जमते.

भरपूर साबण ओतणं : तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळून जातात, वर यायचं त्यांना जमतच नाही.

जिवाणूंची पावडर टाकून निश्चिंत होणं : वास कमी होईल, पण गाळ उपसण्याला ती पर्याय नाही.

जबाबदारी एकाची, वही सगळ्यांची

"कोणीतरी बघेल" अशा कामाला कोणीच बघत नाही. मालकाने एक माणूस नेमावा. मोजल्याची तारीख, तेल किती इंच, गाळ किती इंच, उपसा कधी झाला, गाळ कोणी नेला, असे पाच रकाने एका वहीत पुरतात. अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दोन वर्षांनी पाइप बदलायची वेळ आली नाही, याचं कारणही तीच सांगेल. हे काम करणाऱ्याला मोजे, गमबूट, साबण आणि कामाचा वेगळा मोबदला द्या. पाहुण्याला गरम भाकरी वाढणाऱ्या हाताइतकाच हा हात तुमच्या हॉटेलचं नाव राखत असतो.

ट्रॅप असूनही शेवटचा कधी उघडला हे आठवत नसेल, तर उद्या सकाळी शटर वर करण्याआधी एवढंच करा : सळई आणि चिंधी गुंडाळलेला पाइप घ्या, झाकण उघडा, मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तो चौथ्या हिश्श्याच्या पुढे असेल, तर त्याच आठवड्यात उपसा ठरवा. ट्रॅपच नसेल, तर आपल्या सिंकची लांबी-रुंदी-खोली मोजून हिशेब करा आणि तो कागद घेऊनच गवंड्याकडे जा.